शुद्ध रक्ताची गोष्ट : खंडोबाच्या कुत्र्यापासून फलटणच्या मेंढीपर्यंत

१

पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा आणि कराड यांच्या दरम्यान उंब्रज लागते. तारळी नदी येथे कृष्णेला मिळते. समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक या गावात आहे आणि चाफळकडे जाणारा रस्ताही इथूनच फुटतो. तारळीच्या काठाने थोडे आत गेले की खंडोबाचे पाल येते. पौष महिन्यात येथे खंडोबा आणि म्हाळसा यांचे लग्न लागते, भंडाऱ्याने सारा आसमंत पिवळा होतो. या देवाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो. देवासमोर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेणारे, कोटंब्यात भिक्षा मागणारे, प्रसंगी भुंकून दाखवणारे वाघ्येही असतात. रा. चिं. ढेरे यांचे ‘खंडोबा’ हे पुस्तक १९६१ साली आले. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरील जर्मन ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध केला. या दोन अभ्यासकांमुळे मराठी वाचकाला हा देव, त्याचे धनगर भक्त आणि त्याचे कुत्रे यांच्याकडे पाहण्याची एक शिस्त मिळाली.

याच महामार्गाने जाताना ‘जातिवंत कुत्र्यांची पिल्ले मिळतील’ अशी पाटी अधूनमधून दिसते. ‘जातिवंत’ हा शब्द आम्ही मराठी शिकवणारी माणसे वर्गात दिवसातून दोनदा तरी वापरतो. जातिवंत कवी, जातिवंत विनोद, जातिवंत लेखणी. त्याच्या जोडीला ‘अस्सल’, ‘निखळ’, ‘कसदार’ हेही असतात. पाटीवरील जातिवंत आणि समीक्षेतील जातिवंत हे दोन वेगळे शब्द आहेत असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी करायची आहे, आणि त्यासाठी वाट थोडी वाकडी घ्यायची आहे. ज्या प्राण्याच्या बाबतीत माणसाने ‘शुद्ध जात’ ही कल्पना अगदी कागदोपत्री, नोंदवहीच्या शिस्तीने अमलात आणली, त्या कुत्र्याच्या इतिहासाकडून ही वाट जाते. त्या प्रयोगाचे काय झाले हे आज बऱ्यापैकी ठाऊक आहे. जे झाले ते साहित्याच्या विद्यार्थ्यानेही जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

२

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातील एका कुत्र्यापासून करू. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णा संगमावर माहुली आहे. तेथे छत्रपती शाहू महाराजांच्या (मृत्यू १७४९) लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवली जाते आणि त्याचे नाव खंड्या असे सांगितले जाते. या कुत्र्याची हकिकत ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) नोंदवली आहे. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचे प्राण वाचवले होते. पुढे महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा मान दिला. दोन मराठे सरदार भेटीस यायचे होते, तेव्हा भर दरबारात त्या कुत्र्याला जरीचे वस्त्र आणि जवाहीर चढवून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. ग्रँट डफ हे सारे महाराजांच्या चित्तभ्रमाचे लक्षण म्हणून सांगतो. साताऱ्यातील लोकांनी मात्र ते कृतज्ञतेचे लक्षण म्हणून लक्षात ठेवले.

यात आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. खंड्याने काय केले हे इतिहासाला ठाऊक आहे. त्याची जात कोणती, त्याचे आईबाप कोण, याची कोणी नोंद केलेली नाही. त्याला जहागीर मिळाली ती त्याच्या कृतीसाठी. शिकारीचे कुत्रे त्या काळी निवडून पाळले जात, चांगल्या कुत्र्याची पिल्ले मागून नेली जात, हे खरेच. माणसाने कुत्र्याची निवड हजारो वर्षे केली आहे. पण ती निवड कामाच्या कसोटीवर होत असे. मेंढरे राखतो का, ससा धरतो का, वाड्याची राखण करतो का, एवढेच पाहिले जाई. कामाचा कुत्रा दुसऱ्या गावचा, दुसऱ्या वाणाचा असला तरी तो चाले. एका वाणात दुसऱ्याचे रक्त येण्याचा मार्ग त्यामुळे आपोआप उघडा राही.

हा मार्ग बंद झाला तो एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडमध्ये. १८७३ साली लंडनमध्ये ‘केनेल क्लब’ची स्थापना झाली. १८८४ साली अमेरिकन केनेल क्लब आला. औद्योगिक क्रांतीनंतरच्या नव्या मध्यमवर्गाला प्रदर्शनांचा शौक लागला होता, आणि प्रदर्शनात बक्षीस द्यायचे तर आदर्श रूप ठरवावे लागते. कान कसे असावेत, नाक किती लांब, ठिपके केवढे, शेपूट कुठे वळावी, याचे लेखी मानदंड तयार झाले. त्याबरोबर वंशावळीची नोंदवही आली. काही पिढ्यांनंतर बहुतेक जातींच्या नोंदवह्या ‘बंद’ झाल्या. ज्याचे आई आणि बाप दोघेही वहीत आहेत त्याचीच नोंद होणार, बाहेरच्याला प्रवेश नाही. म्हणजे ज्या दिवशी वही बंद झाली त्या दिवशी जेवढे कुत्रे वहीत होते, तेवढेच त्या जातीचे सारे पूर्वज ठरले. ज्या जाती आज ‘प्राचीन’ म्हणून मिरवल्या जातात त्यांतील बऱ्याच जणींची शुद्धता अशी जेमतेम दीडशे वर्षांची आहे.

३

बंद वहीचा परिणाम समजण्यासाठी थोडे गणित पुरे. प्रत्येक सजीवाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. एखादी प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली असेल तर बहुधा निभावते. असा दडून राहणारा बिघाड जवळपास प्रत्येकाच्या अंगी असतो. आई आणि बाप एकाच पूर्वजाचे असतील तर तीच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते, आणि मग दडलेला रोग उघडा पडतो. अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ सूअल राइट याने १९२२ साली यासाठी एक गुणक मांडला. सख्ख्या चुलत वा आतेमामे भावंडांच्या संततीत तो सव्वासहा टक्के येतो, मामा-भाचीच्या संततीत साडेबारा, आणि बाप-लेक किंवा सख्ख्या भावंडांच्या संततीत पंचवीस टक्के. कुत्र्यांच्या प्रदर्शनविश्वात बापाचा लेकीशी, भावाचा बहिणीशी संयोग घडवणे ही दीर्घकाळ सर्रास चाललेली रीत होती. बक्षीसपात्र रूप ‘पक्के’ करण्याचा तो जवळचा रस्ता होता. ब्रिटनच्या केनेल क्लबने अशा संयोगांतून झालेल्या पिल्लांची नोंद करणे बंद केले ते २००९ साली, आणि तेही आदल्या वर्षी बी.बी.सी.च्या एका माहितीपटाने मोठा गदारोळ उडवल्यानंतर.

डाल्मेशियन या ठिपक्यांच्या कुत्र्याची कथा या बाबतीत सर्वांत बोलकी आहे. इतर कुत्र्यांच्या शरीरात यूरिक आम्लाचे रूपांतर होऊन ते सहज बाहेर पडते. डाल्मेशियनच्या लघवीत मात्र ते यूरिक आम्लाच्या रूपानेच मोठ्या प्रमाणात उतरते आणि त्याचे खडे होतात. नराच्या मूत्रमार्गात खडा अडकला तर जीव जाण्याची वेळ येते. हा दोष जातीतील काही कुत्र्यांत असता तर निरोगी कुत्रे निवडून तो काढून टाकता आला असता. पण नोंदवहीतील जवळजवळ प्रत्येक डाल्मेशियनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. चांगली प्रत जातीत उरलीच नव्हती. निवड करायला काही शिल्लकच नसेल तर निवड कसली करणार?

१९७३ साली अमेरिकेतील रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्रज्ञाने एक साधा उपाय केला. त्याने एका डाल्मेशियनचा संयोग पॉइंटर या जवळच्या वाणाच्या कुत्र्याशी एकदाच घडवला. त्या पिल्लांपैकी चांगली प्रत असलेले पिल्लू निवडून त्याचा संयोग पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशी केला, आणि पुढच्या प्रत्येक पिढीत हेच केले. दर पिढीस पॉइंटरचा वाटा निम्मा होत जातो. पहिल्या पिढीत पन्नास टक्के, मग पंचवीस, मग साडेबारा. पाचव्या पिढीत तो सरासरी तीन टक्क्यांवर येतो. चांगली प्रत मात्र निवडीमुळे टिकून राहते. १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने पाचव्या पिढीतील दोन कुत्र्यांची डाल्मेशियन म्हणून नोंद केली. लगेच जातीच्या अभिमान्यांनी हरकत घेतली. हे ‘खरे’ डाल्मेशियन नव्हेत, यांच्या रक्तात भेसळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नोंदणी थांबली. २००८ साली संबंधित जनुक कोणते हेही सापडले, म्हणजे तपासणी आणखी सोपी झाली. ब्रिटनमध्ये २०१० साली असा एक कुत्रा नोंदवला गेला आणि अमेरिकेत दार उघडले ते २०११ साली. मधल्या तीस वर्षांत जन्मलेल्या हजारो डाल्मेशियनांना खडे होण्याचा धोका जन्माबरोबर मिळत राहिला. त्याचे औषध हाताशी होते, पण ते ‘बाहेरचे’ होते.

नॉर्वेतील लुंडेहुंड या पक्षी पकडणाऱ्या कुत्र्याची स्थिती याहूनही बिकट होती. रोगाच्या साथींनंतर जेमतेम मूठभर कुत्र्यांपासून ही जात पुन्हा उभी केली गेली आणि आतड्याच्या एका विकाराने ती ग्रासली. गेल्या दशकात तेथे शेजारच्या उत्तरी वाणांशी नियोजनपूर्वक संकर करण्याचा प्रकल्प सुरू झाला. आफ्रिकेतील बसेंजीसाठी अमेरिकन क्लबने १९९० साली वही उघडली आणि कांगोच्या खोऱ्यातून आणलेले गावठी कुत्रे तीत दाखल केले. तेथे ‘बाहेरचे रक्त’ म्हणजे जातीच्या मायदेशातील विनाकागदाचे भाऊबंदच होते. कागद नसलेला तो शुद्ध की कागद असलेला, हा प्रश्न तेथे जवळजवळ हास्यास्पद होऊन जातो.

४

आता आपल्या घराकडे वळू. सांगली-सोलापूरच्या कोरड्या माळापासून पलीकडे मुधोळपर्यंतच्या पट्ट्यात एक उंच, सडपातळ, खोल छातीचा, लांब तोंडाचा शिकारी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. त्याला कुणी कारवान म्हणतात, कुणी मुधोळ. अंगावर आणि कानांवर लांब रेशमी केस असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात. पश्चिम आशियातून काफिल्यांबरोबर आलेल्या सलुकीसारख्या कुत्र्यांशी याचे नाते जोडले जाते, आणि ‘कारवान’ हे नावच ते नाते सांगते. म्हणजे ज्याला आज आपण अभिमानाने ‘देशी’ म्हणतो त्याचे नावच फारसी आहे, आणि त्याची घडण दख्खनच्या माळावर इथल्या कुत्र्यांच्या आणि इथल्या उन्हाच्या संगतीत झालेली आहे.

मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान होते. राज्यकर्ते मराठे, प्रजा बहुतांशी कन्नड. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५६ च्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. बेडर शिकाऱ्यांजवळच्या या कुत्र्यांकडे राजे मालोजीराव घोरपडे यांचे लक्ष गेले, त्यांनी त्यांची पैदास हाती घेतली आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहास भेट दिली, असे सांगितले जाते. तेव्हापासून शिकाऱ्याच्या कुत्र्याला संस्थानाचे नाव मिळाले. नावाचा हा प्रवास पाहण्याजोगा आहे. भटक्यांच्या वाटेवरून आलेले नाव मागे पडले आणि गादीचे नाव पुढे आले. आजही केनेल क्लब ऑफ इंडिया याला ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणतो. एकाच कुत्र्याच्या दोन वह्या आणि दोन नावे.

या कुत्र्याची दखल घेणारे मोजके लेखन झाले. डब्ल्यू. व्ही. सोमण यांचे भारतीय कुत्र्यांवरील इंग्रजी पुस्तक १९६३ साली आले आणि थिओडोर भास्करन यांचे २०१७ साली. शासनदरबारी मान्यता उशिरा मिळाली. २००५ साली टपाल तिकिटावर मुधोळ आला. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र उभे राहिले. २०१६ साली सैन्याने काही पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात त्याचे नाव घेतल्यावर पिल्लांची मागणी एकदम वाढली.

मागणी वाढली की दोन उलटे धोके एकदम येतात. पहिला असा की एखाददुसऱ्या नामांकित नराकडेच सगळ्या माद्या नेल्या जातात. त्या नराची पिल्ले पुढे एकमेकांशी जुळवली जातात आणि इंग्लंडमध्ये शंभर वर्षांत जे घडले ते येथे वीस वर्षांत घडू शकते. दुसरा धोका याच्या विरुद्ध टोकाचा. गावोगावच्या शर्यतींत वेग हवा म्हणून विलायती ग्रेहाउंडचे रक्त गुपचूप मिसळायचे आणि पिल्लू ‘प्युअर मुधोळ’ म्हणून विकायचे. जुन्या पाळणाऱ्यांची ही तक्रार असते आणि ती अनाठायी नाही. ग्रेहाउंड थोड्या अंतराच्या सपाट धावेसाठी घडवलेला, आणि हा कुत्रा दख्खनच्या उन्हात खडकाळ माळावर दम धरून पळण्यासाठी घडलेला. असा चोरटा संकर जातीचा उपयोगी गुणच पुसून टाकतो. त्यात ना नोंद असते, ना हेतू, ना पुढच्या पिढ्यांवर लक्ष.

म्हणजे प्रश्न ‘संकर हवा की नको’ असा नाहीच. शायबलने केलेला संकर आणि शर्यतवाल्याने केलेला संकर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकाने एका नेमक्या दोषावर एक नेमका उपाय केला, तो उघडपणे केला, लिहून ठेवला आणि पुढे पाच पिढ्या त्याचा माग ठेवला. दुसऱ्याने तो लपवला. कारवानाच्या बाबतीत खरा वाव आहे तो वहीबाहेरच्या भाऊबंदांना वहीत घेण्याला. माणदेशात, जतच्या माळावर, मंगळवेढ्याकडे, धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या दारी असलेले विनाकागदाचे कुत्रे पाहून, तपासून, आरोग्याची खात्री करून त्यांची नोंद करता येईल. बसेंजीसाठी जे कांगोत जाऊन करावे लागले ते आपल्याकडे एस.टी.ने जाऊन करता येण्यासारखे आहे. मात्र वही उघडी ठेवणे म्हणजे वही नसणे नव्हे, हे त्यासाठी आधी पटले पाहिजे.

५

इथे शब्दाचा अडथळा येतो, आणि शब्द हा आमचा विषय आहे. ‘संकर’ या शब्दावर मराठीत मोठे ओझे आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला युद्धाच्या परिणामांत जे भय दिसते त्यात वर्णसंकर आहे. तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्णाच्या तोंडीही संकर अनिष्ट म्हणूनच येतो. स्मृतिग्रंथांनी संकरातून उपजलेल्या जातींच्या याद्या दिल्या. शतकानुशतके हा शब्द भयाचा आणि तिरस्काराचा राहिला. विसाव्या शतकात शेतीशास्त्राने तोच शब्द उचलला आणि ‘संकरित वाण’ असा आशेचा शब्दप्रयोग केला. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली आणि आमच्या आधीच्या पिढीच्या ताटात ‘हायब्रीड’ची भाकरी पडली. उत्पन्न वाढले, पण भाकरीला चव नाही अशी कुरकुर राहिली. त्या कुरकुरीतून ‘हायब्रीड’ हा बोलीभाषेतला टोमणा तयार झाला. नाजूक मुले हायब्रीड, बेचव कविता हायब्रीड, आणि इंग्रजीमिश्रित मराठी तर हायब्रीडच.

याच्या समोर उभा आहे ‘देशी’. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने १९८० च्या दशकात या शब्दाला समीक्षेत प्रतिष्ठा दिली. त्या मांडणीतील मूळ आग्रह आपल्या भूमीशी, परंपरेशी जोडलेले असण्याचा आहे, रक्तशुद्धीचा नव्हे. परंतु वर्गात आणि परिसंवादात हा शब्द पुष्कळदा शुद्धतेच्या अर्थाने वापरला जातो, आणि मग लेखकांची वंशावळ काढणे सुरू होते. कुणावर कुणाचा परकीय प्रभाव, कोण कलमी आणि कोण अस्सल. मराठी कादंबरीचा, निबंधाचा, लघुकथेचा इतिहास पाहिला तर प्रत्येक जिवंत टप्प्यावर बाहेरून काहीतरी आलेले दिसते. ते इथल्या मातीत मुरून पुढच्या पिढीत इतके आपले झालेले असते की त्याचे परकेपण शोधावे लागते. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांच्याइतका मातीतला लेखक दुसरा कोण दाखवणार? औंध संस्थानातील धनगरवाडीचे चित्र ‘बनगरवाडी’त (१९५५) उभे करणाऱ्या या लेखकाने इंग्रजीतील वन्यजीवनविषयक लेखनाचे वाचन मनापासून केले होते, आणि वानरांच्या टोळ्यांवरील ‘सत्तांतर’ (१९८२) त्या वाचनावाचून झाले नसते असे आम्हांस वाटते. हे शायबलच्या पद्धतीसारखेच नाही काय? एकदा बाहेरचे घ्यायचे आणि मग प्रत्येक पिढीत पुन्हा घरच्याशीच जोडत जायचे.

६

या पद्धतीचे आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण मेंढीचे आहे. फलटण येथे बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. तेथे १९९० च्या दशकात दख्खनी मेंढीवर काम सुरू झाले. फलटण-लोणंदच्या धनगरांची ही मेंढी काटक आहे, दूरवर चालते, दुष्काळ सोसते, पण वेताला बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची एक अगदी लहानखुरी मेंढी आहे, ती सहज जुळी-तिळी देते. तिच्यात एका जनुकाचे विशेष रूप आहे. २००१ साली तीन वेगवेगळ्या गटांनी ते जनुक ओळखले आणि लवकरच हेही स्पष्ट झाले की ऑस्ट्रेलियातील प्रसिद्ध बुरुला मेरिनो मेंढीत असलेले रूप तेच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून बंगालची मेंढरे जहाजाने ऑस्ट्रेलियात गेली होती. मेरिनोचा तो गाजलेला कळप ज्या गुणामुळे गाजला तो गुण बंगालच्या दलदलीतून आलेला होता.

फलटणला गरोळ आणि दख्खनी यांचा संकर केला गेला आणि मग पिढ्यान्‌पिढ्या दख्खनीशी पुन्हा जोडत, जनुकाची तपासणी करीत, ते एक रूप दख्खनी अंगात आणले गेले. मेंढीचा आकार आणि काटकपणा दख्खनीचा राहिला आणि एक प्रत असलेली मेंढी अनेकदा जुळी देऊ लागली. या वाणाला ‘नारी सुवर्णा’ असे नाव मिळाले आणि तो परिसरातील धनगरांच्या कळपांत गेला. जुळी झाली तर आईला दूध पुरेल का, कोकरे जगतील का, चारा कुठून येईल, हे प्रश्न धनगरांसह सोडवावे लागले. संकराने सारे आपोआप साधत नाही. तो एक दार उघडतो आणि त्या दारातून आलेल्याची देखभाल करावी लागते.

या कामाचे नेतृत्व चंदा निंबकर यांनी केले. मराठी वाचकाला त्यांची दुसरी ओळख अशी की त्या लेखिका जाई निंबकर यांच्या कन्या आणि इरावती कर्वे यांच्या नात. हा योग आम्हांस नुसता योगायोग वाटत नाही. इरावतीबाई १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानववंशशास्त्र शिकत होत्या. फिशर यांची ख्याती नैऋत्य आफ्रिकेतील रेहोबोथच्या मिश्रवंशीय लोकांवरील १९१३ च्या पुस्तकावर उभी होती, आणि वंशमिश्रणाने ऱ्हास होतो या मताचे ते पुरस्कर्ते होते. पुढे नाझी राजवटीत १९३३ साली ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. इरावतीबाईंना त्यांनी विषय दिला तो कवटीच्या दोन बाजूंतील असमतोलाचा, आणि त्या असमतोलाचा वंशाशी संबंध निघावा अशी अपेक्षा होती. पुण्याहून आलेल्या या तरुणीने कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही हे गुरूसमोर मांडले. ज्या संस्थेत ‘शुद्ध रक्त’ हा शास्त्राचा विषय मानला जात होता तेथे त्यांनी मोजमापावर विश्वास ठेवला. फलटणच्या मेंढवाड्यातही शेवटी तेच केले गेले. नावाकडे न पाहता मोजले.

७

येथवर आल्यावर एक धोक्याचा इशारा देणे भाग आहे. कुत्र्यामेंढ्यांची जात आणि माणसाची जात यांना मराठीत एकच शब्द आहे, आणि या साम्याचा फायदा घेऊन पुष्कळ विषारी लेखन झाले आहे. कुत्र्याच्या जाती माणसाने विशिष्ट कामासाठी वा रूपासाठी निवड करून घडवल्या. माणसाच्या जाती तशा घडलेल्या नाहीत. त्या कुणी वेग वा ताकद पाहून जोड्या लावून तयार केलेल्या नाहीत, म्हणून ‘जातीचे गुण’ ही भाषा माणसाच्या बाबतीत निराधार आहे. डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म नेमके सांगितले होते. भारतीय समाजाची मूळ रीत बहिर्विवाहाची, म्हणजे गोत्राबाहेर, कुळाबाहेर सोयरीक करण्याची. तिच्यावर अंतर्विवाहाचे कुंपण लादले गेले आणि जात जन्मली. आंबेडकरांनी जातीचा शोध रक्तात घेतला नाही, विवाहाच्या नियमात घेतला. आजच्या भाषेत सांगायचे तर जात म्हणजे बंद केलेली नोंदवही.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या म्हणण्याला अनपेक्षित बाजूने दुजोरा दिला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतीय उपखंडात लोकसमूहांचे व्यापक मिश्रण झाले, आजच्या जवळजवळ प्रत्येक समूहात त्याच्या खुणा आहेत, आणि त्यानंतर कुंपणे पडली. २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासाने दाखवले की दक्षिण आशियातील अनेक समूह मूठभर पूर्वजांपासून वाढून पुढे आपापसांतच विवाह करीत राहिले, आणि त्यामुळे दडलेल्या रोगांचा धोका त्यांत वाढला आहे. मराठी कुटुंबांत देवक जुळू नये म्हणून केवढी चौकशी होते! आणि त्याच कुटुंबांत, विशेषतः दक्षिण महाराष्ट्रात, मामाची मुलगी ही हक्काची वधू मानली जाते. इरावतीबाईंनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा मानले ते यामुळेच. एका हाताने दूरचे शोधायचे आणि दुसऱ्या हाताने जवळचे धरून ठेवायचे, अशी आपली रीत आहे. पण जातीबाहेर जाण्याचे नाव निघाले की दोन्ही हात मागे येतात, आणि कधीकधी त्या हातांत शस्त्र असते. डाल्मेशियनच्या वहीसाठी तीस वर्षे भांडणारे अभिमानी आपल्याला हास्यास्पद वाटतात. आपल्याकडील वही राखण्यासाठी पोटच्या मुलामुलींचे जीव घेतले गेले आहेत, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. तेथे हसू येत नाही.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगू इच्छितो ते एवढेच. ‘जातिवंत’ हा शब्द लिहिताना क्षणभर थांबावे. तुम्हांला त्या लेखनातील कस सांगायचा आहे की त्याची वंशावळ? कस सांगायचा असेल तर तो खंड्याच्या पद्धतीने, कृती दाखवून सांगता येतो. वंशावळीची गरज पडत नाही.

आणि पालच्या देवाला तर ती कधीच पडली नव्हती. पौषात तारळीकाठी ज्या म्हाळसेशी त्याचे लग्न लागते ती वाण्याची, लिंगायत घरची. बाणाई धनगराची. काही परंपरांत त्याच्या आणखी तीन बायका सांगतात, एक शिंप्याची, एक माळ्याची, एक तेल्याची वा मुसलमान घरची. या गोष्टी लोकांनी शतकानुशतके गायल्या, आणि गाणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आपल्या मुलाचे लग्न मात्र वही पाहूनच केले. देवाला जे चालले ते घरी का चालले नाही, हा प्रश्न लोकसाहित्याच्या वर्गात आम्ही दरवर्षी विचारतो. वर्ग थोडा वेळ गप्प होतो. यंदाही होईल, पण प्रश्न विचारणे आम्ही सोडणार नाही.